सोशल मीडियावरची मैत्री आणि देवाचं प्रेम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) तरुण संघात, पालकांशी बोलताना आणि बऱ्याचदा रात्री उशिरा मेसेजवर हे प्रश्न येतात. विचारणाऱ्यांत ख्रिस्ती असतात, नसलेलेही असतात. उत्तरं ख्रिस्ती विश्वासातून दिली आहेत, पण वाचणाऱ्याकडे तो विश्वास आधीपासून आहे असं गृहीत धरलेलं नाही. बायबलचे संदर्भ जागच्या जागी दिलेत. शंका आली तर उघडून बघा.

फेसबुकवर माझे दीड हजार फ्रेंड्स आहेत, तरी मनातलं बोलायला एकही नाही. माझ्यातच काही खोट आहे का?

नाही. दीड हजार जणांशी मनातलं बोलू शकेल असा माणूस अजून जन्माला यायचाय. रॉबिन डनबार या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात मांडलं, की एका माणसाला साधारण १५० जणांशीच खरीखुरी ओळख टिकवता येते आणि अडीनडीला ज्यांच्याकडे धावावं असे त्यांतले जेमतेम पाचेक असतात. नेमक्या आकड्यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पण गेल्या महिन्यात तुम्ही स्वतःहून कोणाकोणाला फोन केलात ते बघा, म्हणजे डनबारचं म्हणणं फार लांबचं वाटणार नाही.

फेसबुकने फ्रेंड्सची कमाल मर्यादा ५,००० ठेवली आहे. योगायोग असा, की योहानाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकाच्या, सहाव्या अध्यायात येशू भाकरी वाटतो तेव्हा समोर बसलेल्या पुरुषांचा आकडाही सुमारे ५,०००च आहे. दुसऱ्या दिवशी तो त्यांना न रुचणारं बोलू लागतो. अध्याय संपता संपता बहुतेकांनी पाठ फिरवलेली असते आणि येशू उरलेल्या बारा शिष्यांना विचारतो, तुम्हीही जाऊ पाहता काय? त्या बारांतही तो अवघड प्रसंगी सोबत घेई ते तिघे: पेत्र, याकोब आणि योहान. तेव्हा गर्दी मोठी आणि जवळची माणसं थोडी, ही तक्रार तुमच्यापासून सुरू झालेली नाही.

मग ऑनलाइन मैत्री खोटीच म्हणायची का?

अजिबात नाही. उपदेशातून तसं सरसकट सांगणाऱ्यांशी माझं पटत नाही. ज्यांनी ऑर्कुट वापरलं (ते २०१४च्या सप्टेंबरअखेर बंद झालं) त्यांना शाळेतले हरवलेले मित्र तिथे पुन्हा सापडल्याचं आठवत असेल. आखातात नोकरीला गेलेला वसईचा मुलगा रोज रात्री व्हिडिओ कॉलवर आईशी बोलतो, ते खोटं कसं? अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तर जगाची एवढीच खिडकी उघडी असते.

शिवाय ख्रिस्ती लोकांनी दुरून ठेवलेल्या संबंधांना नाक मुरडणं शोभत नाही. नव्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागातल्या, २७ पुस्तकांपैकी २१ पत्रं आहेत. त्यांतली बरीच लिहिणारा प्रेषित पौल रोमच्या मंडळीला लिहितो तेव्हा त्याने रोम पाहिलेलंही नसतं, तरी शेवटच्या अध्यायात चोवीस माणसांना नाव घेऊन सलाम पाठवतो. प्रिस्का आणि अक्विला यांच्याबद्दल लिहितो की त्यांनी माझ्यासाठी आपला जीव धोक्यात घातला. रूफसाच्या आईबद्दल लिहितो की ती मलाही आईच आहे. हे संबंध आधी एकत्र राबून, एकत्र जेवून झालेले होते, पत्राने ते जिवंत ठेवले.

योहानाच्या तिसऱ्या पत्राचा शेवट मला फार आवडतो. पत्र इवलंसं आहे, एका पानात संपतं. लिहिणारा म्हणतो, लिहायला पुष्कळ आहे, पण शाई आणि लेखणीने लिहायची इच्छा नाही, लवकरच भेटू आणि तोंडोतोंड बोलू. आणि मग, मित्रांना ज्याच्या त्याच्या नावाने सलाम सांग. पत्र खरं आहे, पण लिहिणाऱ्याला भेट हवी आहे. माझ्या मते ऑनलाइन मैत्री पारखायची ती इथे: ती भेटीची ओढ लावते, की भेट टाळायची सोय करून देते? पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात नव्या तंत्रज्ञानाचं स्वागतच केलं होतं, पण मैत्री ही गोष्ट त्या भरात क्षुल्लक होऊ देऊ नका असंही बजावलं होतं. तेव्हा इन्स्टाग्राम जन्मालाही आलं नव्हतं.

'देव तुझ्यावर वैयक्तिक प्रेम करतो' असं ख्रिस्ती लोक सारखं म्हणतात. म्हणजे नेमकं काय? आठशे कोटी माणसांवर वैयक्तिक प्रेम कसं काय शक्य आहे?

प्रश्न रास्त आहे, कारण आपल्याला प्रेमाचा अनुभव वाटणी होणाऱ्या गोष्टीचाच आहे. वेळ एकाला दिला की दुसऱ्याचा कमी होतो. देवाच्या बाबतीत ख्रिस्ती श्रद्धा सांगते की त्याचं लक्ष असं वाटलं जात नाही. चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीनने प्रार्थनेत म्हटलं होतं, की तू आमच्यातल्या प्रत्येकाची काळजी अशी घेतोस जणू तो एकटाच आहे, आणि सर्वांची अशी, जणू सगळे मिळून एकच आहेत.

येशूच्या बोलण्यात हे तत्त्व म्हणून येत नाही, बाजारभावातून येतं. मत्तयाच्या शुभवर्तमानात (१०:२९) दोन चिमण्या एका दमडीला मिळतात. लूकमध्ये (१२:६) पाच चिमण्या दोन दमड्यांना. हिशेब करा. दोन दमड्यांना चार यायला हव्यात, म्हणजे पाचवी वर टाकलेली, फुकटची. येशू म्हणतो, त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही, तुमच्या तर डोक्यावरचे केससुद्धा मोजलेले आहेत. स्वतःला कुठल्याही टोळक्यातली ती पाचवी चिमणी समजणाऱ्याने हे वचन सावकाश वाचावं.

शुभवर्तमानांत हे प्रेम माणसामाणसाच्या नावाने येतं. यरीहोत जक्कय नावाचा बुटका जकातदार गर्दीत दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढतो (लूक १९). त्याला फक्त बघायचं होतं, तेही लपून. आजच्या भाषेत, स्टोरी बघायची पण समोरच्याला कळू द्यायचं नाही. येशू झाडाखाली थांबतो, वर बघतो, नाव घेऊन हाक मारतो आणि म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. येशू मेलेल्यांतून उठला त्या, पुनरुत्थानाच्या सकाळी त्याची शिष्या मग्दालीया मरीया रडत असते आणि समोर उभा असलेला येशू तिला माळीच वाटतो. तो 'मरीये' म्हणतो तेव्हा ती त्याला ओळखते (योहान २०:१६). एका हाकेतच ओळख पटते.

आणि पौलाचं एक वाक्य आहे, गलतीकरांस पत्र २:२० मधलं. देवाच्या पुत्राने 'माझ्यावर' प्रीती केली आणि स्वतःला 'माझ्याकरता' दिलं, असं तो लिहितो. सगळ्या जगावरच्या प्रेमाबद्दल तो इतरत्र भरपूर बोलतो, इथे मात्र एकवचनी होतो. मंडळीचा छळ करत फिरलेल्या माणसाने हे लिहिलंय, हे विसरू नका.

महाराष्ट्रातलं या संदर्भातलं मोठं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८८३ साली त्या इंग्लंडमध्ये होत्या. फुलम इथे समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी पाहिल्या आणि विचारलं, तुम्हाला या बायकांची एवढी कळकळ का? उत्तरादाखल त्यांना योहानाचा चौथा अध्याय सांगितला गेला: विहिरीवर भरदुपारी एकटी आलेली शोमरोनी बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. त्याला तिचे पाच नवरे ठाऊक आहेत, आत्ता ज्याच्यासोबत राहते तो नवरा नाही हेही ठाऊक आहे, आणि तरी तो तिच्याशी बोलत बसतो. रमाबाईंच्या विश्वासाला या प्रसंगाने वळण दिलं. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी ज्यांना आसरा दिला त्या बायका-मुली पाहिल्या, की हा अध्याय त्यांनी नुसता वाचला नव्हता हे कळतं.

अल्गोरिदमलाही माझं सगळं माहीत असतं. मी कोणाचा फोटो किती वेळ बघितला तेसुद्धा. मग देवाने मला जाणणं यात वेगळं काय?

इतका चांगला प्रश्न मला क्वचित कोणी विचारतं. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १३९ आज पहिल्यांदा वाचणाऱ्या तरुणाला ते भीतीदायकच वाटतं. तू माझं बसणं-उठणं जाणतोस, माझ्या जिभेवर शब्द येण्याआधी तुला तो ठाऊक असतो, तुझ्यापासून मी कुठे पळून जाऊ? नाव न सांगता वाचून दाखवलं तर कोणीही म्हणेल, फोनबद्दल लिहिलंय.

फरक जाणण्याच्या प्रमाणात शोधू नका, जाणून काय केलं जातं त्यात शोधा. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला ठाऊक असतं की तुमच्या घरी महिनाअखेरीस बिस्किटं जास्त जातात, आणि आईलाही ठाऊक असतं. दुकानदार त्या हिशेबाने माल भरतो, आई विचारते, जेवला नाहीस का नीट? दुकानदार वाईट नाही. तो फक्त तुमची आई नाही.

एक घडलेली गोष्ट सांगतो. २०१२च्या जानेवारीत फेसबुकने ६,८९,००३ वापरकर्त्यांच्या फीडमधल्या आनंदी किंवा दुःखी पोस्ट आठवडाभर कमी-जास्त केल्या, त्यांच्या स्वतःच्या लिहिण्याचा सूर बदलतो का ते पाहण्यासाठी. सूर बदलला, अगदी थोडा, पण बदलला. २०१४ साली शोधनिबंध छापून आला तेव्हा ओरड झाली, कारण त्या लोकांना कोणी विशेष विचारलं नव्हतं. त्या आठवड्यात त्यांतलं कोणी खरोखर दुःखात असेल, तर त्याच्या दुःखाचा एक आकडा झाला.

आता शोमरोनी बाईकडे परत या. तिच्याबद्दलची माहिती येशूकडे होती आणि गावाकडेही होती. गावाने तिचा उपयोग तिला एकटं पाडायला केला. येशूने तिला आधी काहीतरी मागितलं, मग काहीतरी देऊ केलं, आणि मगच तिच्या आयुष्याचा विषय काढला. नंतर ती गावात धावत जाऊन सांगते, मी केलेलं सगळं ज्याने मला सांगितलं तो माणूस येऊन पाहा. आपलं गुपित माहीत असलेल्या माणसाकडे आपण सहसा गावाला घेऊन जात नाही. ती घेऊन गेली, कारण त्या माहितीने तिला कसला धोका उरला नव्हता.

मित्र प्रेम करतात पण आपलं सगळं त्यांना ठाऊक नसतं, आणि ठाऊक झालं तर? ही धास्ती प्रत्येक मैत्रीच्या तळाशी असते. यंत्राला सगळं ठाऊक असतं पण त्याला आपलं काही वाटत नाही. सगळं ठाऊक असून प्रेम, हे दोन्ही एकत्र, ख्रिस्ती माणूस देवाच्या ठायी मानतो. स्तोत्रकर्त्याचंही तसंच झालेलं दिसतं. सुरुवातीला तो कुठे पळू असं विचारतो, आणि शेवटी स्वतःहूनच म्हणतो, देवा, माझं मन पारखून पाहा.

लाइक्स मिळाले की बरं वाटतं. हे पाप आहे का?

बरं वाटणं पाप नाही. कौतुक हवं असणं माणसाच्या घडणीतच आहे. फेसबुकने लाइकचं बटण २००९ साली आणलं, पण येशूच्या काळातही लोक चौकात उभे राहून, दिसेल अशी प्रार्थना करत होते. डोंगरावरच्या प्रवचनात (मत्तय ६) तो त्यांच्याबद्दल इतकंच म्हणतो की त्यांना त्यांचं प्रतिफळ मिळालं आहे. शाप नाही, शिक्षा नाही. पावती मिळाली, खातं बंद. पुढे तो म्हणतो, तू खोलीत जा, दार लाव, आणि गुप्तवासी पित्याची प्रार्थना कर.

मला वाटतं खरी मेख इथेच आहे. पोस्ट केलेल्या भागावर प्रेम मिळालं, तर न केलेला भाग उपाशीच राहतो. उलट जितकं कौतुक जास्त, तितकं आतला म्हणतो, हे तुझ्या फोटोला आहे, तुला नाही.

'आमेन टाइप करा', 'हा मेसेज १० जणांना पाठवा नाहीतर आशीर्वाद चुकेल', असे मेसेज येतात. पाठवले नाहीत तर?

काही होणार नाही. डिलीट करा. देवाची कृपा फॉरवर्डवर चालत नाही. मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे सर्वांत जास्त कोण पाठवतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे, त्यांना प्रेमाने सांगा.

चुकलो की लोक अनफ्रेंड करतात. देवही करतो का?

पेत्राची गोष्ट घ्या. याजकाच्या वाड्यात कोळशांच्या विस्तवाशी शेकत उभं राहून त्याने तीनदा नाकारलं, मी येशूचा शिष्य नाही (योहान १८). अनफ्रेंड करणारा इथे पेत्रच आहे. पुढे तिबिर्याच्या सरोवराकाठी, पुनरुत्थित येशूने पुन्हा कोळशांचाच विस्तव केलाय, मासे भाजलेत, भाकर ठेवलीय (योहान २१). खाणं आधी होतं. मग प्रश्न येतो, तीनदा, पहिल्या नकारांना पुरून उरेल असा: योहानाच्या पुत्रा शिमोना, माझ्यावर प्रीती करतोस काय? तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटतं. येशूने विषय टाळलाही नाही आणि पेत्राला टाकलंही नाही.

बारांपैकीच एक असलेला यहूदा येशूला पकडून देतो त्या क्षणीही येशू त्याला 'गड्या' म्हणून हाक मारतो (मत्तय २६:५०). रोमकरांस पत्र ५:८ सांगतं की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. सुधारल्यावर नव्हे.

पण याचा अर्थ काहीही चालतं असा नाही, हेही सांगायला हवं. उधळ्या मुलाच्या दाखल्यात (लूक १५) बाप धावत जातो, पण मुलगा डुकरांच्या गोठ्यातून उठून घराकडे निघालेला असतो. क्षमा फुकट मिळते, मागे फिरावं मात्र आपल्यालाच लागतं. कोणाला छळलं असेल, खोटं खातं काढून बदनाम केलं असेल, तर देवाची माफी मागून त्या माणसाकडे जायचं टाळता येत नाही. जक्कयाने फसवून घेतलेलं चौपट परत करायचं कबूल केलं होतं.

मी प्रार्थना करते आणि काहीच उत्तर येत नाही. निळ्या टिक दिसाव्यात आणि रिप्लाय येऊ नये, तसं वाटतं.

व्हॉट्सअॅपने २०१४च्या नोव्हेंबरात निळ्या टिक आणल्या तेव्हापासून किती मनं दुखावली असतील, देवच जाणे. तुमची उपमा अचूक आहे, ती मी दुरुस्त करणार नाही.

बायबलमध्ये ही तक्रार लपवलेली नाही. स्तोत्र १३ सुरूच होतं, हे परमेश्वरा, किती वेळ? मला कायमचाच विसरलास का? असं विचारत. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात. स्तोत्र ८८ वळत नाही, ते अंधारातच संपतं. तरी कोणीतरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं आणि अडीच हजार वर्षं कोणी काढून टाकलं नाही. वधस्तंभावर येशूच्या ओठी आलं ते स्तोत्र २२चं पहिलं वाक्य: माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? त्या घटकेला त्यालाही उत्तर ऐकू आलं नाही.

म्हणून 'विश्वास कमी पडला असेल' असं तुम्हाला कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. काही प्रार्थनांची उत्तरं मला आजतागायत कळलेली नाहीत आणि कळल्याचं सोंग मी करणार नाही. गप्प राहणारा देव आणि नसलेला देव यांतला फरक ख्रिस्ती माणूस त्या वधस्तंभाकडे बघून करतो. तिथे देव वरून बघत नव्हता, टांगला गेला होता.

देवाशी मैत्री झाली की एकटेपणा जातो का? मग माणसांची गरज उरते का?

उरते. बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या, दुसऱ्या अध्यायात (२:१८) देव म्हणतो, मनुष्य एकटा असावा हे बरं नाही. हे वाक्य कधी येतं पाहा: पाप अजून झालेलं नाही, बाग सुंदर आहे, देव स्वतः तिथे आहे. देवाची सोबत असलेल्या माणसालाही देवच एकटा म्हणतो आणि दुसरं माणूस देतो.

गेथशेमाने बागेत येशू पित्याशी बोलायला गेला तेव्हा तिघांना घेऊन गेला आणि म्हणाला, इथे राहा, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले. त्याला त्याचं दुःख झालं. देवाच्या पुत्राला मित्र जागे हवे होते, तर तुम्हाला वाटण्यात कमीपणा कसला? आणि योहानाचं पहिलं पत्र (४:२०) उलट बाजूने तेच सांगतं: डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर ज्याची प्रीती नाही, त्याला न दिसणाऱ्या देवावर प्रीती करता येत नाही. म्हणून देवाच्या प्रेमात बुडाल्याचं सांगून शेजाऱ्यांशी वर्षानुवर्षं अबोला धरणाऱ्यांबद्दल मला शंका येते.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर नुसती प्रार्थना करत बसू नका. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानसचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. डॉक्टरकडे जाणं हे अविश्वासाचं लक्षण नाही. ज्याच्या नावाचं शुभवर्तमान आहे तो लूकही वैद्यच होता.

भक्ताला आपला मानणारा देव तर आमच्याकडेही आहे. विठोबा जनाबाईबरोबर दळायला बसला, चोखोबासंगे ढोरं ओढली. मग ख्रिस्ती लोक वेगळं काय सांगतात?

हा प्रश्न मराठीतच इतक्या ताकदीने विचारता येतो. दूरच्या, कोरड्या देवाची कल्पना आपल्या मातीत फारशी रुजलीच नाही, आणि त्याचं श्रेय संतांना आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ते मनापासून मानलं. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हटलं, आणि ख्रिस्ताला वारकऱ्यांच्याच लकबीत माउली म्हणून आळवलं. त्यांची भजनं आजही मराठी मंडळ्यांत टाळ-पेटीवर म्हटली जातात.

वेगळेपण दोन ठिकाणी आहे असं मला वाटतं. एक, हे प्रेम एका विशिष्ट माणसाच्या जगण्या-मरण्यात घडलं असा ख्रिस्ती दावा आहे. पंतय पिलात हा रोमी सुभेदार यहूदीयात असताना, यरुशलेमच्या वेशीबाहेर. दोन, ज्याने भक्ती केली नाही, उलट खिळे ठोकले, त्याच्यासाठीही ते होतं: बापा, त्यांना क्षमा कर (लूक २३:३४). कोणती परंपरा मोठी हे ठरवायला मी इथे बसलेलो नाही. जनाबाईचं जातं ऐकत वाढलेल्या माणसाला योहानाचा चौथा अध्याय परका वाटणार नाही, एवढं मात्र खात्रीने सांगतो.

परदेशातल्या एका 'सिस्टर'ची फ्रेंड रिक्वेस्ट आली. रोज माझ्यासाठी प्रार्थना करते. आता भेटवस्तू पाठवलीय म्हणते, आणि ती सोडवायला कस्टममध्ये पैसे भरा असा फोन आलाय.

पैसे भरू नका. ही जुनी फसवणूक आहे आणि श्रद्धाळू, एकटी राहणारी माणसं तिचं नेहमीचं सावज. आधीच पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर गुन्हे मदतक्रमांकावर तक्रार नोंदवा, जितकं लवकर तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. लाजू नका. आणि मंडळीतल्या कोणाला तरी सांगा, कारण त्या 'सिस्टर'च्या यादीत तुमच्याच मंडळीतली आणखी दोघं-चौघं असण्याची शक्यता मोठी.

अकाउंट बंद करू का?

तुमची मर्जी. उपवासकाळात, म्हणजे भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या ४० दिवसांत (रविवार धरत नाहीत), बरेच जण मांसाहाराऐवजी इन्स्टाग्राम सोडतात. चांगलं आहे, फक्त ते सोडल्याची पोस्ट टाकू नये. उलट बाजूचं उदाहरणही आहे: १५व्या वर्षी, २००६ साली वारलेला इटलीचा कार्लो अकुतिस. त्याने वेबसाइट बनवून आपली श्रद्धा मांडली आणि २०२५च्या सप्टेंबरात कॅथलिक चर्चने त्याला संत घोषित केलं. साधन सोडूनही पवित्र होता येतं, वापरूनही.

मुलीच्या फोटोला लाइक्स कमी आले की ती दिवसभर गप्प असते. तिला देवाच्या प्रेमाबद्दल कसं सांगू?

आज सांगू नका. आज तिच्याजवळ बसा आणि फोटो मागून बघा. 'भयप्रद व अद्भुत रीतीने घडलेली' हे स्तोत्र १३९ मधलं वचन अशा वेळी लगेच तोंडावर मारलं तर ते तिला गप्प करण्यासाठीच वापरल्यासारखं वाटतं. कोणाच्या लाइकची वाट होती, ते विचारा. बहुतेकदा एकाच व्यक्तीची असते.

आणि आपण घरात काय करतो तेही बघावं. तिच्या गुणपत्रिकेचा फोटो आपण स्टेटसला ठेवतो, आणि गुण कमी आले की ठेवत नाही. मुलांना हे लगेच कळतं. आईबापाचं प्रेम निकालावर हलतं असं दिसलं, तर न हलणाऱ्या देवाच्या प्रेमावर तिने कशाच्या आधारावर विश्वास ठेवायचा?

मी ख्रिस्ती नाही. फक्त वाचून बघायचं असेल तर कुठून सुरुवात करू?

लूककृत शुभवर्तमानापासून. २४ अध्याय आहेत, रोज एक वाचला तर महिनाही लागत नाही. घाई असेल तर अध्याय १५ आणि १९, मग योहानाचे ४, २० आणि २१, आणि स्तोत्र १३९. बायबल सोसायटीची मराठी आवृत्ती पुस्तकांच्या दुकानात स्वस्तात मिळते, मोबाइलवर मोफत वाचता येते. मोबाइलवर वाचणार असाल तर तेवढा वेळ नोटिफिकेशन बंद ठेवा. भाषा थोडी जुनी वाटेल, दोन-तीन पानांत कान सरावतो. काही अडलं, खटकलं, राग आला, तर ते समासात लिहून ठेवा आणि जवळच्या चर्चमध्ये रविवारची उपासना संपल्यावर पाळकांना किंवा फादरना गाठा. त्यासाठी धर्म बदलावा लागत नाही, वर्गणीही भरावी लागत नाही. वेळेचा अंदाज हवा असेल तर उपासनेच्या वेळा बहुतेक ठिकाणी फाटकावरच लिहिलेल्या असतात.